आजोबांचे नाव कोणत्या शाळेत?
(वाडीवरच्या प्राथमिक शाळेची हकीगत)



या पानावर आम्ही एरवी लागण, खोडवा, बेणेप्रक्रिया आणि हुमणी यांविषयी लिहितो. या खेपेला जरा आडवाटेने जाणार आहोत. निमित्त असे की, २०२३ सालच्या दिवाळीच्या सुमारास आमच्या गट ऑफिसात उसाच्या नोंदीपेक्षा जुन्या शाळेची चौकशी करणारीच मंडळी जास्त येऊ लागली. त्या वर्षी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधण्यासाठी गावोगावची जुनी दप्तरे उघडली गेली, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि असा पुरावा सामान्य शेतकऱ्याच्या घरचा म्हटला तर दोनच ठिकाणी मिळण्याची आशा. एक महसुलाचे दप्तर, दुसरे शाळेचे जनरल रजिस्टर.

आमचे एक सभासद असेच आले आणि म्हणाले, "साहेब, आज्याचं नाव शाळंत घावंना. आजा तर वाचायचा, सही करायचा. मग नाव गेलं कुठं?"

वास्तविक हे काम आमचे नव्हे. पण त्यांच्या वाडीवर आम्हाला खोडव्याची पाहणी करायचीच होती, म्हणून सोबत शाळेत गेलो. गुरुजींनी कपाट उघडून दाखवले. भिंतीवर स्थापना १९४८ असे रंगवलेले, आणि रजिस्टरातली पहिली नोंदही त्याच सालची. आजोबांचा जन्म घरच्यांच्या अंदाजाने १९३० च्या आसपासचा. म्हणजे शाळा उघडली तेव्हा आजोबा अठरा वर्षांचे, औत धरीत असणार! मग ते शिकले कुठे? हा प्रश्न आमच्या डोक्यात राहिला, आणि त्याच्या मागे जाता जाता जे समजले ते सर्वांच्या उपयोगी पडेल म्हणून इथे मांडत आहोत.

पहिली गोष्ट अशी की, शाळेवर रंगवलेले साल हे पुष्कळदा शाळा सरकारी दप्तरात आल्याचे साल असते. गावात अक्षरओळख त्याच्याही आधी कधीतरी आलेली असते. इंग्रजी अमलापूर्वी पंतोजीची शाळा असे. देवळाच्या ओवरीत किंवा कुणाच्या तरी ओसरीवर ती भरायची. धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवायचे, मोडी वळवायची, आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घोकायची. पंतोजीला धान्य, शिधा, सणावारी काही पैसे मिळत. तिथे रजिस्टर नव्हते, इयत्ता नव्हती, आणि शेतकऱ्याची पोरेही फारशी नव्हती. कुलकर्ण्याची, वाण्याची, सराफाची मुले हिशोबापुरती शिकत. तेव्हा पणजोबांच्याही मागच्या पिढीचे नाव शाळेत शोधत कुणी बसू नये, एवढेच सांगून पुढे जातो.

नोंदवहीची शाळा आली ती १८५५ साली मुंबई इलाख्यात शिक्षण खाते स्थापन झाल्यावर. आता खाते झाले, पण खेड्यात शाळा काढायची तर पैसा कोठून? हा भाग सभासदांनी जरा नीट वाचावा. १८६३ पासून या इलाख्यात शेतसाऱ्यावर लोकल सेस बसवण्यात आला, आणि पुढे १८६९ च्या कायद्याने तो पक्का झाला. दर होता साऱ्याच्या रुपयामागे एक आणा. त्यातला तिसरा हिस्सा शाळांना आणि बाकीचा रस्ते, विहिरी वगैरे कामांना. म्हणजे ज्या शेतकऱ्याचा सारा दहा रुपये, त्याने दहा आणे सेस भरायचा, आणि त्यातले तीन आणे चार पै शाळेच्या खाती जायचे. आपल्या भाषेत ही कपातच. उसाच्या बिलातून कपात झाली की सभासद लगेच विचारतो, ही कशाची आणि किती? त्या काळी मात्र विचारायची सोय नव्हती. सारा भरला त्याने सेसही भरला, मग त्याच्या गावात शाळा असो की नसो.

आणि बहुतेक गावांत ती नव्हतीच. १८८२ साली हंटर कमिशनपुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन दिले, त्याचा गाभा हाच आहे. पैसा रयतेच्या घामाचा, आणि त्याचा लाभ मात्र वरच्या वर्गांच्या शिक्षणाला, असा त्यांचा रोकडा हिशोब होता. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, ही मागणी त्यांनी त्यात केली. शिक्षक होता होईल तो शेतकरी वर्गातलेच घ्यावेत, ज्यांना गरज पडल्यास नांगराची मूठ धरायला किंवा सुताराची हत्यारे हाती घ्यायला लाज वाटणार नाही असे घ्यावेत, हेही त्यांनीच सांगितले. शेतीची प्राथमिक माहिती शाळेत द्यावी आणि तिच्यासाठी लहानसे नमुना शेत असावे, अशीही सूचना त्यात आहे. आम्ही शेतकी पदविकेच्या अभ्यासक्रमात प्रात्यक्षिक प्लॉटविषयी पुष्कळ शिकलो, पण ही सूचना एवढी जुनी आहे हे आम्हाला कुणी सांगितले नव्हते.

आता रजिस्टर शोधणाऱ्यांसाठी एक अडचणीची बाब. आपल्या कार्यक्षेत्रातली गावे आज एका जिल्ह्यात दिसत असली तरी जुन्या काळी ती एका अमलाखाली नव्हती. काही गावे इंग्रजी मुलखात म्हणजे सातारा जिल्ह्यात, तर काही औंध, सांगली, मिरज अशा संस्थानांत. नदीच्या अल्याड एक शाळाखाते आणि पल्याड दुसरे, असा प्रकार! दक्षिणेकडची संस्थाने १९४८ साली विलीन झाली, कोल्हापूर १९४९ साली. त्याच १९४९ साली सातारा जिल्ह्याचे दोन भाग होऊन दक्षिण सातारा जिल्हा झाला, आणि १९६० साली त्याचे नाव सांगली ठेवले गेले. म्हणून एखाद्या जुन्या दाखल्यावर जिल्हा दक्षिण सातारा असा शिक्का दिसला तर तो खोटा समजू नये. आमच्यासमोर एकाने असा दाखला "चुकीचा हाय" म्हणून बाजूला टाकला होता. तो आम्ही उचलून परत त्याच्या पिशवीत घातला.

संस्थानांपैकी कोल्हापूरची गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या वेळच्या रुपयाची किंमत ध्यानात घेतली तर ही शिक्षा शेतकऱ्याला चांगलीच झोंबणारी होती. १९१९ साली त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांबरोबर बसवण्याचा हुकूम काढला. इंग्रजी मुलखात विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ साली सक्तीचा कायदा झाला खरा, पण तो नगरपालिकांपुरता. खेड्यातल्या शाळा १९२३ च्या कायद्याने लोकल बोर्डांकडे आल्या आणि स्कूल बोर्डे झाली. जुनी माणसे अजूनही बोर्डाची शाळा म्हणतात ती यामुळेच.

शाळेच्या एका ओळीच्या नोंदीला केवढे मोल येते याचा दाखला आपल्या शेजारीच आहे. साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी इंग्रजी पहिलीत एका मुलाचे नाव दाखल झाले. रजिस्टरात नाव भिवा रामजी आंबेडकर, क्रमांक १९१४. ते रजिस्टर जपून ठेवले आहे, आणि २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

आता आमच्या सभासदाच्या आजोबांकडे येऊ. कोडे सुटले ते गावातल्या एका नव्वदीच्या म्हातारबाबांमुळे. ते म्हणाले, "बोर्डाच्या आधी मारुतीच्या देवळात शाळा भरायची की. भाऊरावांची व्हालंटरी." एवढे ऐकल्यावर आमच्या डोक्यात उजेड पडला.

१९३७ साली मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. ज्या खेड्यांत शाळा नाही तिथे खाजगी संस्थांनी शाळा काढाव्यात आणि सरकारने त्यांना अनुदान द्यावे, असे धोरण त्याने घेतले. या व्हॉलंटरी शाळा. कर्मवीर भाऊराव पाटील यांची रयत शिक्षण संस्था १९१९ साली कराडजवळच्या काले गावी सुरू झालेली, आणि खेड्यासाठी शिक्षक तयार करण्याकरिता त्यांनी १९३५ साली साताऱ्यात ट्रेनिंग कॉलेजही काढलेले. म्हणजे बेणे तयारच होते, फक्त रान मिळायचे बाकी होते! १९३८ पासून रयतने सातारा जिल्ह्यात वाड्या-वस्त्यांवर या शाळा काढायला सुरुवात केली आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत त्यांची संख्या पाचशेच्या वर गेली. इमारतीचा प्रश्नच नव्हता. देऊळ, चावडी, धर्मशाळा, कुणाचा गोठा, जे मिळेल ते. मास्तर बहुधा शेतकऱ्याचाच मुलगा, मराठी सातवी म्हणजे फायनल झालेला. फुल्यांनी १८८२ साली जसा मास्तर मागितला होता तसा तो पन्नासएक वर्षांनी आपल्या वाडीवर आला, असे आम्हाला वाटते. स्वातंत्र्यानंतर या शाळा स्कूल बोर्डाकडे सोपवल्या गेल्या. आपल्या वाडीवरच्या भिंतीवर रंगवलेले १९४८ हे साल त्या सोपवणुकीचे!

मग जुनी वही कुठे? थोरल्या गावच्या शाळेत एक लोखंडी पेटी होती, तिच्यात ती निघाली. कडेने वाळवी लागलेली, शाई उडालेली, पण वाचता येण्यासारखी. आजोबांचे नाव मिळाले. वडिलांचे नाव, गाव, दाखल केल्याची तारीख, इयत्ता दुसरीपर्यंत शिकल्याची नोंद. त्यांना हवी ती जातीची नोंद त्यात होती की नव्हती, ही त्यांची घरगुती बाब. ती आम्ही इथे लिहीत नाही. आम्हाला मात्र शेवटच्या रकान्याने थांबवले. शाळा सोडण्याचे कारण या रकान्यात लिहिले होते, गुरे राखण्यास.

ती वही आम्ही बराच वेळ चाळली. त्याच रकान्यात पानामागून पान तीच तीच कारणे. घरकाम. परगावी गेला. सतत गैरहजर. मुलींची नावे थोडी, आणि त्यांच्यापुढे बहुतेक लग्न झाले असा शेरा, वय पाहावे तर अकरा-बारा. जन्मतारखेचे पाहाल तर निम्म्या गावाचा जन्म १ जूनचा! शाळा जूनमध्ये सुरू होणार, आईबापाला तारीख आठवत नाही, "तवा मोठा पाऊस झाला हुता" एवढेच सांगणार. मग मास्तरांनी दात बघून, उंची बघून वय ठरवायचे आणि १ जून टाकायची. आमच्या शेतकी खात्यातही १ जूनला निवृत्त होण्याचे वय गाठणारे काही थोडके नाहीत. त्यामुळे जुन्या नोंदीत जन्मसालात दोन-तीन वर्षांचा फरक दिसला तरी नाव सोडून देऊ नये. शिवाय आडनाव नसणे, घरचे लाडके नावच शाळेत लागणे, नोंद मोडीत असणे, हेही सर्रास. मोडी असेल तर जाणकाराकडूनच वाचून घ्यावी, अंदाजाने वाचू नये.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि शाळा त्यांच्याकडे गेल्या. त्याच वर्षी महाराष्ट्र शिक्षण कर कायदा झाला. या कायद्यात शहरातल्या घरा-इमारतींवर कर आहे, पण खेड्यातल्या पाण्याखालच्या नगदी पिकांवर खास आकारणी ठेवली गेली, आणि त्या पिकांत ऊस आहे. म्हणजे आणेवारी गेली, सेसचे नाव बदलले, पण शाळेसाठी कपात आपल्या रानातून चालूच राहिली, आणि ती उसावर! शाळेच्या ओसरीवर बसून "सरकारची शाळा हाय, आपल्याला काय" असे म्हणणाऱ्या सभासदांना आम्ही अलीकडे तलाठ्याची जुनी पावती काढून दाखवायला सांगतो.

पुढचा इतिहास बहुतेकांच्या आठवणीतला आहे. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर खडू-फळा योजना आली आणि एकशिक्षकी शाळांना दुसरी खोली, दुसरे गुरुजी आणि साहित्याची पेटी मिळू लागली. आम्ही स्वतः त्या काळात अशाच दोन खोल्यांत शिकलो. पेटीतले लोहचुंबक मोडेल म्हणून गुरुजी ते कुलपात ठेवीत आणि साहेब तपासणीला आले की बाहेर काढीत. १९९५ ला तांदूळ आला, पुढे त्याची शिजवलेली खिचडी झाली. २००० पासून पहिलीपासून इंग्रजी. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा मुलाच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, आणि शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असावेत.

मग अडचण कुठे आहे? अडचण पटाची. ज्या वाडीवरच्या शाळेची ही हकीगत, तिचा पट अकरावर आला आहे. सभासदांची मुले सकाळी पिवळ्या गाडीत बसून तालुक्याला जातात. त्यांना दोष देण्याचा आमचा अधिकार नाही, आमची स्वतःची मुलेही त्याच गाडीत बसून गेली. पण वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचे काय करायचे, यावर सरकारदरबारी वारंवार विचार होतो. २०२३ साली अशा शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची कल्पना पुढे आली होती, तेव्हा वाड्यांवर बरीच धास्ती होती.

इथे एक गोष्ट आम्हाला शेतकी विभागात असल्यामुळेच दिसली. शाळेला किती शिक्षक मंजूर करायचे हे ३० सप्टेंबरच्या पटावर ठरते. आणि आपला कारखाना पेटतो ऑक्टोबर-नोव्हेंबरात. तोडणीच्या टोळ्या फडावर येतात त्या ही तारीख उलटून गेल्यावर! म्हणजे बीडकडून आलेले मूल मार्च-एप्रिलपर्यंत आपल्या वाडीच्या शेजारी कोपीत राहते, पण आपल्या शाळेच्या मोजणीत ते कधीच येत नाही. त्याच्या गावच्या शाळेत ते ३० सप्टेंबरला मोजले जाते आणि महिन्याभरात तिथून उठते. दोन्हीकडच्या हिशोबात गोंधळ, आणि मूल मात्र उसाच्या पाचटात. साखरशाळा निघाल्या, गावाकडे हंगामी वसतिगृहे झाली, स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डही आहे. जिथे कुणी मनावर घेतले तिथे त्यांचा उपयोग झाला, हे आम्ही पाहिले आहे. जिथे घेतले नाही तिथे कार्ड मुकादमाच्या पिशवीतच राहिले.

गेल्या हंगामात त्या वाडीजवळ चौदा कोयत्यांची टोळी उतरली होती. आमच्या चिटबॉयने कोपीवर जाऊन शाळेच्या वयाची मुले मोजली, ती नऊ भरली. गुरुजी तयार होते. दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही हे त्यांनीच आम्हाला सांगितले. अडले ते दुसरीकडेच. टोळी पहाटे चारला फडात जाते. धाकटे मूल सांभाळायला थोरली पोर लागते. ती शाळेत गेली तर तान्हे कुणाकडे? एक आई म्हणाली, "साहेब, पोरगी साळंत बसवते, पर तुमी कोयत्याचा हिशेब कमी धराल का?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. शेवटी वाडीतल्या अंगणवाडीच्या ताईंनी दोन तान्ही मुले दुपारपर्यंत ठेवून घेण्याचे कबूल केले. नवांपैकी सहा मुले शाळेत बसली. तीन बसली नाहीत, त्यांत दोन मुली.

ज्यांना जुनी नोंद शोधायची आहे त्यांनी आधी आपल्या माणसाचे शिकण्याचे वय कोणत्या सालात पडते ते काढावे. त्या सालात वाडीवर शाळा नसेल, तर थोरल्या गावची शाळा, मग केंद्रशाळा, मग पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी यांचे कार्यालय, या क्रमाने विचारावे. शाळा बंद झाली किंवा दुसरीत मिसळली असेल तरी जनरल रजिस्टर हे कायम जतन करायचे दप्तर आहे, ते रद्दीत घालता येत नाही. पेटी, माळा, कपाटाचा खालचा खण, सगळे पाहून घ्यावे. वही हाताळताना पाने ओली बोटे लावून उलटू नयेत, आणि फोटो काढून झाला की वही गुरुजींच्या हाती द्यावी. एका ठिकाणी मधली चार पाने फाडून नेलेली आम्ही पाहिली. ज्याने नेली त्याचे काम झाले असेल, पण त्या चार पानांवरच्या बाकीच्या साठ-सत्तर घरांचे काय?

आपल्या वाडीच्या शाळेतले चालू रजिस्टर आम्ही एप्रिलमध्ये पुन्हा पाहिले. सहा नावांपुढे मागील शाळा या रकान्यात जि. प. शाळा, जिल्हा बीड असे लिहिले आहे. सहाही जणांच्या जन्मतारखा खऱ्या आहेत, एकही १ जून नाही. शाळा सोडण्याच्या रकान्यात गुरुजींनी लिहिले होते, गाळप हंगाम संपल्याने मूळ गावी परत.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग